आमची वाटचाल : गाडीच्या खालच्या बाजूने

औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने आजूबाजूला असंख्य लहान शेड उभ्या राहिल्या. आमची शेड त्यांपैकीच एक. 2003 मध्ये सुरुवात केली तेव्हा दुचाकींचे स्टँड, फूटरेस्ट आणि ब्रॅकेट पावडर कोटिंग करून (म्हणजे रंगाची कोरडी भुकटी फवारून ती भट्टीत भाजून) वेळेवर परत पाठवणे, एवढेच आमचे काम होते. हे जॉबवर्क पैशांच्या दृष्टीने बेताचेच. परंतु त्याने शिस्त लावली. कोटिंगपूर्वी माल सात टाक्यांतून जातो. तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर चढवणे आणि मध्ये मध्ये स्वच्छ पाण्याने खंगाळणे, यांतली एक पायरी जरी कच्ची राहिली, तरी भट्टीतून चकचकीत निघालेला रंग पुढच्या पावसाळ्यात पोपड्यांनी सुटतो. मोटारींच्या खालच्या कामाकडे आम्ही याच दाराने आलो. गॅरेजच्या दाराने नव्हे.

2008 च्या अखेरीस मंदी आली आणि भट्टी निम्मा दिवस बंद राहू लागली. शहराच्या दुसऱ्या बाजूला शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होत असल्यामुळे शहरात त्या गाड्यांचे, विशेषतः ऑक्टाव्हिया आरएस या वेगवान मॉडेलचे, काही शौकीन मालक होते. प्रथम त्यांनी ब्रेक कॅलिपर आणि स्प्रिंगा रंगवायला आणल्या, मग चाकाला सांगाड्याशी जोडणारे आर्म, मग ते आर्म ज्यावर बसतात ती संपूर्ण सबफ्रेम. त्या कामात आमच्या लक्षात आले, की गाडीच्या खालच्या बाजूला रंग मारणारे पुष्कळ आहेत, पण ती बाजू आधी स्वच्छ करणारे फारसे कोणी नाही. एका गाडीला दुसऱ्या ठिकाणी नुकतेच जाड काळे अंडरकोटिंग करून दिलेले होते. स्क्रॅपर लावताच ते तळहाताएवढ्या तुकड्यांनी सुटले, आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे मातीचा ओलसर थर होता.

मराठवाड्याची काळी माती हा या कामातला स्वतंत्र विषय आहे. ही चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून तडकते. मडगार्डच्या आतल्या कडांवर, सबफ्रेमच्या खाचांत आणि स्प्रिंगच्या खालच्या वाटीत ती एकदा बसली, की वरून ती कोरडी ठणठणीत दिसते, परंतु आत पत्र्याला लागून ओल धरून राहते. त्यावर डांबरासारखा थर दिला, तर ती ओल आतच कोंडली जाते. त्यामुळे ‘आमच्याकडे हवा कोरडी, इथे गंज कसला’ हे नेहमीचे बोलणे आम्हाला पटत नाही.

या कामात आमचा हात खऱ्या अर्थाने बसला तो लातूरच्या एका डॉक्टरांच्या माझदा एमएक्स-5 या गाडीवर. आपल्याकडे माझदा म्हटले की स्वराज माझदाचा टेम्पोच आठवतो, त्यामुळे 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार पाहायला आसपासच्या शेडमधली मंडळीही आली होती. डॉक्टरांनी ती ब्रिटनहून परतताना सोबत आणली होती. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. म्हणजे गंजाची सुरुवात तिकडच्या मिठाने झाली आणि पुढचे काम आपल्या मातीने केले. या गाडीत कापडी टपावरचे पाणी नळ्यांतून दाराखालच्या पेटीसारख्या पत्र्याच्या मागच्या टोकाशी उतरते. तिथली निचऱ्याची छिद्रे पालापाचोळ्याने आणि मातीने बुजली, की तो पत्रा आतून कुजतो. आम्ही तारेने छिद्रे मोकळी केली तेव्हा आधी चिखल आला आणि नंतर तांबूस पाणी. रंगाचा विषय निघण्याआधीच वेल्डिंगचे काम ठरले.

एमएक्स-5 च्या चारही चाकांना वर एक आणि खाली एक असे दोन विशबोन आर्म असतात. खालच्या आर्मचे बोल्ट विक्षिप्त, म्हणजे भोक मध्यापासून सरकलेल्या, चकतीचे असून ते फिरवून चाकांचा कोन लावायचा असतो. पण पोलादी बोल्ट बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी अस्तराच्या, आतल्या नळीत गंजून एकजीव झाला, की डोके फिरवायला गेल्यास बुशचे रबरच पिळते आणि अलाइनमेंट अशक्य होते. गंज सोडवणारे तेल, उष्णता आणि धीर यांनी काही बोल्ट निघाले; उरलेले बोल्ट मात्र बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीतून करवतीचे पाते घालून दोन्ही बाजूंनी कापावे लागले. बोल्ट सोडण्यापूर्वी प्रत्येक चकतीची जागा खुणेने नोंदवणे आमच्याकडे सक्तीचे आहे, म्हणजे जोडणीनंतर गाडी निदान अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत सरळ चालत जाते.

पावडर 180 ते 200 अंशांवर भाजली जाते. त्या उष्णतेत रबर आणि बॉल जॉइंटचे बूट (रबरी आवरणे) टिकत नाहीत, म्हणून आर्म पूर्ण उघडा करूनच ब्लास्टिंगला, म्हणजे खरखरीत कणांच्या माऱ्याने साफ करायला, घ्यावा लागतो. बुश बसण्याचे भोक आणि बोल्टखालचे सपाट तोंड आम्ही झाकून ठेवतो. तिथे पावडरचा थर राहिला, तर तो दाबाखाली हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल पडतो. नवीन बुश प्रेसवर बसवल्यानंतरचा नियम तर अनेक अनुभवी फिटरही पाळत नाहीत : बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच अखेरचे कसायचे. चाके लोंबकळत असताना कसले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकर फाटते. पॉलियुरेथेनच्या बुशची मागणी होते. पण आपल्या धुळीत ते कुरकुरतात, म्हणून रोजच्या वापराच्या गाडीला आम्ही मूळ पद्धतीचे रबरच सुचवतो.

झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) आम्ही ब्रॅकेट, क्लिपा आणि किरकोळ स्क्रू यांनाच करून घेतो. 10.9 आणि त्यावरच्या प्रतीच्या, म्हणजे जास्त मजबुतीच्या, बोल्टमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होऊ शकते. प्लेटिंगनंतर लगेच कित्येक तास भट्टीत ठेवून तो धोका कमी करता येतो, परंतु ते नीट झाले की नाही हे बोल्टकडे पाहून कळत नाही. त्यामुळे सस्पेन्शनचे बोल्ट नवेच येतात, मग ग्राहकाने बिलावरून कितीही घासाघीस केली तरी.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या उन्हाळ्यात गाडीखाली प्रेशरचे पाणी सोडत बसणे आम्हालाच बरे वाटेना. तेव्हापासून माती आधी प्लास्टिकच्या स्क्रॅपरने आणि दाबाच्या हवेने कोरडीच काढतो, तेलकट भागाला वाफ देतो आणि धुण्याचे पाणी निवळून पुन्हा वापरतो. याचा एक फायदाही झाला : कोरड्या हाताने काम करताना प्रत्येक सांधा डोळ्यांखालून जातो, आणि पाण्याचा झोत बेअरिंगमध्ये किंवा वायरिंगच्या जोडात शिरत नाही. शेवटचा थर आता मेणाचा असतो, निचऱ्याची छिद्रे सोडून. पोकळ भागांत तो लांब नळीने आतून फवारतो.

आज दुचाकीचे जॉबवर्क चालूच आहे, कारण भट्टीचा खर्च त्यावरच निघतो. जुन्या स्पोर्ट्स कार एका वेळी एकच घेतो आणि तीही शक्यतो दिवाळीनंतर, म्हणजे पत्र्यातली ओल उतरलेली असते. येणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की गाडी धुऊन आणू नये. शॉकअपमधून ओघळलेल्या तेलावर बसलेली धूळ, फाटक्या बूटमधून उडालेल्या ग्रीसचे शिंतोडे आणि ब्रेकच्या नळीवरचा ओला डाग पाहूनच आम्ही अंदाजपत्रक लिहितो.