तुम्ही विचारलंत म्हणून: "खाली काही सापडलं का?"

चवथीला (गणेशचतुर्थीला) गोव्यात फोंड्याला घरी गेलो की माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची मांडणी, बांधता बांधता काका हटकून विचारतात, "मग, खाली काही सापडलं का?" त्यांच्या डोक्यात बुडालेली पोर्तुगीज गलबतं असतात, शेजाऱ्यांच्या डोक्यात तेल. माझं उत्तर ठरलेलं: चिखल.

तोही समुद्राच्या तळावरचा नव्हे, तळाच्या खालचा. फणस पिकलाय का ते आजी थापटी मारून, आवाज ऐकून सांगायची. आमचा धंदा तोच. होडीमागून एक यंत्र ओढायचं (त्याला ‘फिश’ म्हणतात, होडीचा तांडेल दर वर्षी विचारतो, किती किलोचा?). ते पाण्यात टकटक आवाज सोडतं. थोडा आवाज तळावरून परततो, थोडा आत शिरतो आणि चिखल संपून वाळू किंवा खडक लागतो तिथून परततो. आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तळाच्या प्रतिध्वनीनंतर २० मिलीसेकंदांनी दुसरा आला, तर जाणं-येणं धरून तो थर सुमारे १५ मीटर खाली. साडेतीन किलोहर्ट्झचा आवाज मऊ गाळात वीस-तीस मीटर सहज उतरतो, घट्ट वाळूवर मात्र आपटतो. मांडवीच्या मुखाशी आग्वादला वाळूचा दांडा आहे ना, ज्याच्यापायी पावसाळ्यात खनिजाच्या बार्जा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारी नदीत जायच्या? तिथे रेकॉर्डवर एक काळी ठिक्कर रेघ, खाली काही नाही.

चिखलाखाली मात्र मजा असते. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, किनारा कितीतरी पश्चिमेला. नद्या तिथवर वाहत जायच्या. पाणी चढलं, पात्रं गाळाने बुजली. सपाट तळाखाली द्रोणासारखा एक पुरलेला खड्डा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तांडेलाला उठवून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे इथे तेव्हा गोड्या पाण्यातली मासळी!" आणि परत झोपला.

पण मला सगळ्यात जास्त छळलंय ते कोऱ्या जागांनी. रेघेमागून रेघ सुबक थर दिसत असतात आणि एकाएकी पडदा पडतो, सगळं धुरकट. पहिल्या वर्षी वाटलं, यंत्र बिघडलं. केबल काढली, पुसली, परत लावली, अर्धा दिवस गेला. बिघाड नव्हताच. गाळात पुरलेला पालापाचोळा प्राणवायूविना कुजतो, सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात आणि त्या बारीक बुडबुड्यांत आवाज विखरून जातो. खाजनात (खाडीकाठच्या चिखलट शेतात) पाय रुतला की बुडबुडे वर येतात, तसेच हे, फक्त वर न आलेले. गोव्याच्या उथळ किनारपाण्यात असे पट्टे आहेत. खाली काय आहे ते बघायचं तर पोकळ नळी रोवून गाळ वर काढायचा. बोटींचा धक्का बांधणाऱ्याला किंवा पाइपलाइन टाकणाऱ्याला मात्र हा कोरा पट्टाच आधी दाखवावा लागतो, कारण वायू भरलेला गाळ भार पेलताना दगा देऊ शकतो.

यंदा हे सगळं काकांना नीट समजावलं. त्यांनी माटोळीला नारळ बांधता बांधता ऐकून घेतलं.

"म्हणजे गॅस सापडला! मग सिलिंडर कधी आणतोस?"