तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांना तंबाखूमुळं झाला काय?

आमच्या तंबाखूच्या निपाणीत कॅन्सर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तंबाखू खात होते काय? आप्पांच्या पायाचं ऑपरेशन झाल्यापासनं लग्नात, बाजारात, बसमध्ये कोण ना कोण विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहिते. नाही, याचा तंबाखूशी संबंध नाही. आप्पांना झाला तो पोरोकार्सिनोमा, म्हणजे घाम ज्या बारीक नळीतनं कातडीवर येतो त्या नळीच्या पेशींचा कॅन्सर. फार दुर्मिळ आहे, 1963 साली पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून त्याची नोंद झाली. बहुतेक म्हाताऱ्या माणसांना होतो आणि पायावर किंवा डोक्या-मानेवर जास्त.

आप्पांच्या नडगीवर कित्येक वर्षं एक लालसर चामखीळ होती, दुखणं नाही खुपणं नाही, उसात राबणारा माणूस तिकडं कशाला बघतोय. मग एका पावसाळ्यात ती भराभर वाढली, धोतर घासलं तरी रक्त यायला लागलं. कोण म्हणालं चुना लावून जाळा, कोण म्हणालं घोड्याचा केस बांधा. आईनं मात्र हट्ट धरला, आधी बेळगावला दाखवायचं, आणि तिच्या त्या हट्टाचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.

नुसतं बघून हा ओळखता येत नाही, असं स्किनचे डॉक्टरच म्हणाले, तुकडा काढून तपासायलाच पाहिजे आणि तो वरवरचा नको, खोलपर्यंतचा पाहिजे. पहिल्यांदा नेहमीच्या स्क्वॅमस कॅन्सरचा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या कॅन्सरचा, संशय होता, मग सीईए, ईएमए असले जादा स्टेन, म्हणजे तुकड्याला ठराविक पेशी ओळखू येतील असे खास रंग देऊन बघितले तेव्हा आतल्या बारीक नळ्या दिसल्या आणि नाव पक्कं झालं. म्हणून हात जोडून सांगते, चामखीळ कुठंही काढा पण काढलेला तुकडा लॅबला पाठवा, जाळून टाकली तर तपासायला काहीच उरत नाही.

दुसरा प्रश्न, एवढ्याशा गाठीला एवढं मोठं का कापलं? कारण दिसते त्या कडेच्या पुढंही पेशी कातडीत पसरलेल्या असू शकतात, म्हणून भोवतीची चांगली दिसणारी कातडीपण काढतात आणि तिच्या कडा परत तपासतात. आप्पांच्या कडा क्लिअर आल्या, म्हणजे कडांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. उघड्या जागेवर मांडीची कातडी लावली, खरं सांगायचं तर मांडीच जास्त दुखली त्यांना. जांघेतल्या लसिका गाठींची (लिम्फ नोडची) सोनोग्राफी केली कारण पायावरचा हा कॅन्सर पसरला तर बहुतेक आधी तिथंच जातो, तिथं काही सापडलं नाही.

तरी तो परत येऊ शकतो, त्यामुळं तपासणी चालूच राहणार. पुढची गणपतीनंतर आहे, आणि आता आप्पा स्वतःच तारीख विचारतात.