हे, मी आणि स्टुटगार्टचा जिना

साताऱ्याहून कोणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "मग, काय काय पाहिलंत?" टीव्ही टॉवर पाहिला, मर्सिडीजचं म्युझियम पाहिलं, ब्लॅक फॉरेस्टला जाऊन केकसुद्धा खाल्ला. फोटो ग्रुपवर टाकलेत, ते बघून घ्या. म्हातारा-म्हातारी लेकाकडे परदेशी गेल्यावर सून, मुलगा कामाला आणि नात शाळेत गेली की दिवसभर काय करतात, ते मात्र कोणी विचारत नाही. भांडतात. साताऱ्यात ज्या विषयांवर भांडायची त्याच विषयांवर, फक्त आवाज जरा खाली ठेवून, कारण भिंतीपलीकडे जर्मन राहतात.

पहिला विषय गुडघे. स्टुटगार्ट हे खोलगट दरीत वसलेलं गाव. पूर्वी चहूबाजूंच्या उतारांवर द्राक्षमळे होते, त्या मळ्यांत चढायला बांधलेल्या पायऱ्या अजून तशाच आहेत आणि लोक त्या रस्त्यासारख्या वापरतात. असे चारशेच्या वर जिने आहेत म्हणे शहरात. इथले लोक त्यांना 'श्टेफेले' म्हणतात. आता आमचे हे म्हणजे निवृत्तीनंतर रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येणारा माणूस. "आपल्याला काय, सवय आहे," म्हणून निघाले आणि निम्म्या जिन्यावर थांबून खालच्या घरांची कौलं बघायला लागले. कौलं फार सुंदर आहेत, असं दोनदा म्हणाले. मी काही बोलले नाही. मागून पाठीवर दप्तर घेतलेली दोन पोरं आणि एक काठी टेकत चाललेल्या बाई आम्हाला ओलांडून वर गेल्या, तेव्हाही बोलले नाही.

सुदैवाने मारिएनप्लाट्झपासून वर डेगरलोखपर्यंत दात्यांच्या रुळावर चढणारी छोटी रेल्वे आहे. 1884 सालापासून चालते. पुढे सायकली ठेवायला एक उघडा डबा असतो, तो ढकलत ढकलत ती चढ चढते. आता आमचा फिरायला जायचा रस्ता तिच्यातूनच जातो. चढणं रेल्वेने आणि उतरणं पायी. घरी फोनवर मात्र "रोज डोंगर होतो" असंच सांगितलं जातं.

दुसरा विषय, घरातली बटणं. हे वीज मंडळात होते, त्यामुळे जगातलं प्रत्येक बटण, खटका आणि मूठ आपल्या अखत्यारीत येते असा त्यांचा समज आहे. इथल्या खिडक्यांची मूठ आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते, आणि उभी वर केली की वरच्या बाजूने थोडी आत कलते. पण खिडकी उघडी असतानाच मूठ वर फिरवली, तर अख्खी काच एका कोपऱ्यावर लोंबकळते आणि आता आपल्या अंगावर येणार असं वाटतं. यांनी बरोबर तेच केलं. मी स्वयंपाकघरातून आले तर हे दोन्ही हातांनी काच पेलून उभे, कपाळावर घाम, आणि मला सांगतायत, "जवळ येऊ नकोस!" मी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसात मीटिंगमध्ये होता. त्याने चित्र बघितलं, आवाज बंद केला आणि नुसताच हसताना दिसायला लागला. मग टाइप करून पाठवलं, "खिडकी दाबून बसवा, मग मूठ खाली घ्या." तेवढंच होतं. यांनी नंतर त्या खिडकीची रचनाच कशी सदोष आहे ते मला जेवताना समजावून सांगितलं.

पाण्याचंही तसंच. दुकानातल्या दहा बाटल्यांपैकी सात बाटल्यांत बुडबुड्यांचं पाणी. क्लासिक म्हणजे जोरात बुडबुडे, मीडियम म्हणजे कमी बुडबुडे, आणि साधं पाणी हवं असेल तर श्टिल लिहिलेलं शोधायचं. आम्ही दोघं चष्मा न लावता गेलो आणि क्लासिकची सहाची चळत उचलून आणली, तीन मजले चढून. त्या पाण्यात वरण शिजत नाही असं यांचं म्हणणं. शिजतं. मी शिजवलं. वास्तविक इथे नळाचं पाणी बिनधास्त प्यावं असं आहे, पण नळाचं पाणी न उकळता प्यायचं हे यांच्या मनाला अजून पटत नाही.

आणि त्या बाटल्या! प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये घातली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वळती होते. 25 सेंट म्हणजे आपले जवळपास पंचवीस रुपये. हे कळल्या दिवसापासून यांनी घरातलं बाटली खातं हातात घेतलं. पहिल्यांदा निघाले तेव्हा पिशवीत जास्त मावाव्यात म्हणून सगळ्या बाटल्या पायाखाली दाबून चपट्या केल्या. मशीनला बाटलीवरच्या रेघा वाचता आल्या पाहिजेत, चुरगळलेली बाटली ती परत बाहेर ढकलते. एक आत, एक बाहेर, एक आत, एक बाहेर. मागे रांग. शेवटी हे एकेक बाटली तोंडाने फुगवून आत घालायला लागले. रांगेतला एक पोरगा मदतीला आला आणि तोही फुगवायला लागला.

नंतर बागेत बाकावर ठेवलेली बाटली दिसली तर यांनी ती उचलून पिशवीत टाकली. तेव्हा मात्र मुलगा हसला नाही. म्हणाला, "बाबा, ती ठेवा. लोक मुद्दाम बाजूला ठेवतात, ज्यांना गरज आहे ते घेऊन जातात." मग आम्ही बघायला लागलो तर खरंच, आमच्याच वयाचे काही जण संध्याकाळी पिशवी घेऊन कचऱ्याच्या डब्याशी वाकताना दिसतात. श्रीमंत देश आहे हो, पण आहे असं. यांनी बाटली परत ठेवली, आणि हल्ली आपल्याही एकदोन ठेवून येतात.

रविवारी इथे सगळं बंद. दुकानं बंद, घरात व्हॅक्यूम लावायचा नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या टाकीत त्यासुद्धा टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. आणि नेमकी संकष्टी आली रविवारी. नारळ तमिळ माणसाच्या दुकानातून आदल्या दिवशी आणून ठेवला होता. आता फोडायचा कुठे? यांनी तो आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळला, त्यावर नातीची उशी धरली आणि हातोडीने अगदी हलके हलके ठोकलं. नारळाला काही वाटलंच नाही. मी म्हटलं, "अहो, देव वाट बघतोय, जर्मन लोकांचं काय घेऊन बसलात?" तेव्हा चिडून एक दणका दिला. उशी फाटली. नारळ फुटला आणि पाणी टॉवेलाने पिऊन टाकलं. चंद्रोदयही इथे उन्हाळ्यात इतका उशिरा की यांनी "सातारच्या वेळेने सोडू" असा तोडगा काढला आणि संध्याकाळीच जेवले.

सातारच्या वेळेचा दुसरा जाच म्हणजे मोबाइल. तिथले साडेसहा वाजतात तेव्हा आमचे पहाटेचे तीन. सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हाच 'शुभ सकाळ'चे गुलाब उमलायला लागतात. यांना आवाज बंद करायचा नसतो, "कोणाला काही झालं तर?" म्हणून. आजवर कोणाला काही झालेलं नाही. गुलाबच असतात.

आता मुख्य गोष्ट. या भागात केअरवोखं नावाचा प्रकार आहे. इमारतीचा जिना झाडून पुसायची पाळी आठवड्याने एकेका घराकडे येते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पाटी लटकते, काम झालं की तो ती पुढच्याच्या दाराला लावतो. गावाची स्वच्छता ज्याने त्याने करायची, हा इथला हुकूम 1492 सालचा, एबरहार्ट नावाच्या सरदाराच्या वेळचा. हे स्टुटगार्ट 1968 पासून आपल्या मुंबईचं जोडशहर आहे हेही सांगून ठेवते, पुढचं काय ते तुम्ही समजून घ्या.

मुलासुनेला वेळ नव्हता, म्हणून मी बादली घेतली. हे देखरेखीला. मी दारातून बाहेर पडताना विचारलं, "चावी आहे ना?" यांचं म्हणणं मी "चावी आहे" असं सांगितलं, विचारलं नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. वाऱ्याने दार लागलं. इथल्या दारांना बाहेरून फिरवायची मूठ नसतेच, नुसता बसवलेला गोळा. दार ओढलं गेलं की चावीशिवाय उघडत नाही, आणि कुलूपवाल्याला बोलावलं तर शंभर-दोनशे युरोचा चुराडा. मी गाऊनमध्ये, हे बर्म्युडा आणि बनियनवर, फोन आत.

तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांनी आवाज ऐकून दार उघडलं, आम्हाला आपादमस्तक पाहिलं आणि "कोम, कोम" करत आत घेतलं. यांच्या अंगावर त्यांच्या स्वर्गवासी नवऱ्याचा लोकरी कोट घातला. फुलाफुलांच्या पातळ कपात कॉफी, सफरचंदाचा केक. आम्हाला जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. तरी गुडघा, कंबर, रक्तदाब आणि सुना या चार विषयांवर तासभर झकास गप्पा झाल्या.

मग आजी उठल्या, जिन्यावर आल्या आणि मी पुसलेल्या पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवून पाहिलं. बोट मला दाखवलं. मग फडकं पिळलं आणि ते यांच्या हातात दिलं. यांच्या! साताऱ्यात ज्या माणसाने स्वतःच्या ताटाखालची जागा कधी पुसली नाही, तो माणूस परक्या कोटात वाकून तीन मजल्यांचा जिना पुसत खाली आला. आजी कठड्याला टेकून कुठे राहिलं ते बोटाने दाखवत होत्या. मी पायरीवर बसून केकचा उरलेला तुकडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांना काहीतरी द्यावं असं मनात आलं. कंदी पेढे हवे होते, पण दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत म्हणून मुलाने निघतानाच बॅगेतून काढायला लावले होते. चकल्या दिल्या. आजींनी त्या कॉफीत बुडवून खाल्ल्या, हे यांना फार लागलं.

पण जिना यांनी मनावर घेतला आहे. हल्ली पाटी कोणाच्या दाराला आहे ते जाता-येता बघतात. कठड्यावर बोट फिरवतात. दुसऱ्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याने गेल्या आठवड्यात पाळी चुकवली, त्याबद्दल घरमालकाला पत्र लिहायचं म्हणून सुनेच्या मागे लागलेत, तिचं जर्मन चांगलं आहे. काल रात्री जेवताना पुन्हा विषय निघाला. मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमचा व्हिसा नव्वद दिवसांचा आहे. मला इथेच राहायचंय."