मेलेल्या प्रोसेसच्या नावची पत्रं

रात्री पावणेतीनला फोन आला. पलीकडून ड्यूटीवरचा मुलगा म्हणाला, "सर, सगळं चालू आहे, पण काहीच होत नाहीये." त्या अख्ख्या रात्रीत याहून अचूक निदान कुणी केलं नाही, माझ्यासकट.

यंत्रणा जुनी होती, आमच्याच लोकांनी कधीतरी सी भाषेत लिहिलेली. एका लिनक्स मशीनवर एक प्रोग्रॅम कायम चालू असायचा, त्याचं काम उत्तरं देणं. विनंती आली की एक छोटी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, जन्माला यायची, प्रश्न क्यूमध्ये टाकायची, उत्तर उचलायची आणि संपायची. मध्ये होती सिस्टिम फाइव्ह या जुन्या युनिक्सची मेसेज क्यू, म्हणजे निरोपांची रांग. सिस्टिम फाइव्ह १९८३ मध्ये आलं, पण त्यातल्या या क्यू आजही लिनक्समध्ये जशाच्या तशा चालतात. प्रत्येक मेसेजवर एक प्रकार-क्रमांक असतो आणि वाचणारा हव्या त्या प्रकाराचाच मेसेज मागू शकतो. आमच्याकडे प्रश्नांचा प्रकार १, आणि उत्तराचा प्रकार म्हणजे विचारणाऱ्याचा प्रोसेस नंबर. १ नंबरची प्रोसेस नेहमी इनिटच असते, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी उठणारी, त्यामुळे तिथे गल्लत होणार नाही. हुशारी होती. ती फक्त अर्धीच होती, हे पुढे कळलं.

लॉगिन केलं. मशीनवरचा भार दाखवणाऱ्या टॉपमध्ये सीपीयू निवांत, डिस्क अर्धी रिकामी, आयनोड म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागाही शिल्लक, डेटाबेस हाक मारली की ओ देत होता. उत्तर देणारा प्रोग्रॅम जिवंत, स्थिती 'एस', म्हणजे झोपलेला. लॉगची, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदवहीची, शेवटची ओळ २ वाजून ११ मिनिटांची.

इथे मी तेच केलं जे अशा वेळी सगळेच करतात. प्रोग्रॅम मारला आणि परत सुरू केला. लॉगमध्ये एक ओळ उमटली आणि पुन्हा शांतता. परत मारला, परत सुरू केला. पुन्हा एकच ओळ. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मागच्या वेळी मशीन रीबूट केल्यावर चाललं होतं." मशीन दोनशेहून जास्त दिवस न थांबता चालू होतं. रीबूट केलं असतं तर खरंच सगळं सुरळीत झालं असतं, आणि मला काडीचंही कळलं नसतं. त्या मशीनवर दुसरीही कामं चालू होती म्हणून मी नाही म्हणालो. हे शहाणपण नव्हतं, भीती होती.

मग अशा क्यूंची यादी दाखवणारं 'आयपीसीएस -क्यू' चालवलं. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमच्या क्यूसमोर आकडे होते: ४० मेसेज, १६,३२० बाइट. लिनक्समध्ये अशा क्यूची नेहमीची मर्यादा १६,३८४ बाइट. आमचा प्रत्येक मेसेज ४०८ बाइटचा, म्हणजे एक्केचाळिसाव्याला जागाच नाही. क्यू तुडुंब. आणि या क्यूमध्ये जागा नसली की टाकणारा, त्याने वेगळं सांगितलं नसेल तर, जागा होईपर्यंत गुमान उभा राहतो. एरर नाही, लॉग नाही, काही नाही.

प्रोग्रॅम लिनक्सकडे काय मागतोय ते दाखवणारं एसट्रेस लावून पाहिलं तर आमचा प्रोग्रॅम नेमका तिथेच उभा होता, मेसेज टाकण्याच्या 'एमएसजीएसएनडी' या कॉलच्या आत. वाचण्याच्या नाही, लिहिण्याच्या कॉलमध्ये. हे पाहिल्यावर डोक्यात उजेड पडायला हवा होता. त्याऐवजी मला वाटलं, जागा कमी आहे ना, मग वाढवू. सिस्सीटीएल या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने मर्यादा चौपट केली. ढिम्म. वीस मिनिटं मी टायपिंगची चूक शोधत बसलो. ती मर्यादा फक्त नवी क्यू तयार होताना लागू होते. आधीपासून असलेली क्यू जन्मताना मिळालेली मर्यादाच धरून बसते, आणि ती बदलायला 'एमएसजीसीटीएल' हा वेगळा कॉल लागतो. हे मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सोबतच्या माहितीपानात, लिहिलेलं आहे. मी ते आधी वाचलेलंही होतं.

तोवर साडेतीन झाले होते. आता खरा प्रश्न सुचला: हे चाळीस मेसेज आहेत कुणाचे? आयपीसीएस संख्या सांगतं, आत काय आहे ते सांगत नाही. आणि वाचून बघावं तर वाचलेला मेसेज क्यूमधून निघून जातो. लिनक्सच्या ३.८ आवृत्तीपासून 'एमएसजी कॉपी' नावाचा एक फ्लॅग, म्हणजे कॉलसोबत द्यायची खूण, आहे, ज्याने मेसेज जागेवर ठेवून त्याची नक्कल वाचता येते. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तशा पर्यायासह बांधलेलं असावं लागतं. आमचं नशिबाने होतं. वीस-पंचवीस ओळींचा सी प्रोग्रॅम लिहिला: शून्यापासून एकेक मेसेज बघ, प्रकार छाप, संपले की थांब.

चाळीस ओळी आल्या. तीन मेसेज प्रकार १ चे, म्हणजे प्रश्न. उरलेली सदतीस उत्तरं, प्रत्येकावर वेगळा प्रोसेस नंबर. एकेक नंबर चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएसने तपासत गेलो. नाही, नाही, नाही. छत्तीस प्रोसेस कधीच संपून गेल्या होत्या. गाव सोडून गेलेल्या माणसांच्या नावची पत्रं पोस्टाच्या पेटीत तशीच पडून होती, आणि पेटी भरली म्हणून नवी पत्रं दारात अडली होती.

मग सगळी गोष्ट उलगडली. विचारणारी प्रोसेस दहा सेकंद थांबते आणि उत्तर नाही आलं तर नाद सोडून मरते. डेटाबेस कधी हळू असेल तर उत्तर अकराव्या सेकंदाला यायचं, ते उचलायला कुणी नसायचं, आणि ते कायमचं क्यूमध्ये राहायचं. कायमचं म्हणजे खरंच कायमचं: क्यू कर्नेलमध्ये राहते, प्रोग्रॅममध्ये नाही. प्रोग्रॅम मेला तरी तिला सोयरसुतक नाही. शेवटी अशी अवस्था आली की तीनच जागा उरल्या. त्या तिन्हींत प्रश्न येऊन बसले, आणि त्याच वेळी आमचा प्रोग्रॅम हातातलं उत्तर टाकायला गेला. जागा नाही. जागा करायची तर प्रश्न वाचायला हवेत. वाचणारा हाच, आणि हा लिहिण्यात अडकलेला.

माझ्या रीस्टार्टने भरच घातली होती. नव्याने उठलेला प्रोग्रॅम एक प्रश्न उचलायचा, जागा रिकामी व्हायची, आणि त्याचं उत्तर तयार होईपर्यंत बाहेर ताटकळलेली एखादी प्रोसेस आपला प्रश्न तिथे सारायची. शिवाय दोन्ही वेळा मारताना त्याच्या हातात जे होतं ते गेलं. वाचलेला मेसेज क्यू परत देत नाही, पोचपावतीची सोय तिच्यात नाही.

आता 'आयपीसीआरएम'ने क्यूच उडवता आली असती. पण आतले तीन प्रश्न गेले असते, आणि आमचा प्रोग्रॅम क्यू नाहीशी झाल्याची एरर कशी झेलेल याची मला खात्री नव्हती. म्हणून त्याच छोट्या प्रोग्रॅमला दुसरं तोंड जोडलं: दिलेल्या प्रकाराचा मेसेज न थांबता उचल आणि फाइलमध्ये टाक. दुसऱ्या खिडकीत एसट्रेस चालू ठेवला. पहिलं मेलेलं उत्तर उचललं, आणि त्याच क्षणी तो अडकलेला कॉल शून्य घेऊन परतला. लॉग धावायला लागला. मी खुर्चीत एकटाच "हां!" असं ओरडलो. फोन चालू होता हे विसरून.

उरलेली पस्तीस उचलली. एक राहू दिलं, कारण त्या नंबरची प्रोसेस जिवंत होती. वाट बघत असेल बिचारी.

सकाळी चहा घेताना ते डोक्यात आलं. दहा सेकंदांत मरणारी प्रोसेस तासाभरानंतर जिवंत कशी? जाऊन पाहिलं. तो नंबर कुणाच्या तरी एसएसएच सेशनचा, म्हणजे दुरून केलेल्या लॉगिनचा होता. प्रोसेस नंबर संपले की लिनक्स पुन्हा खालून वाटायला लागतं, तसा तो जुना नंबर दुसऱ्याला मिळाला होता. आता क्षणभर धरा, तो नंबर एसएसएचऐवजी आमच्याच एखाद्या नव्या प्रोसेसला मिळाला असता. तिने आपला प्रश्न टाकला असता, आणि आपल्या नंबरचं म्हणून जे पहिलं उत्तर मिळालं ते उचललं असतं. जुनं. दुसऱ्याच कुणाचं. यंत्रणा अडकली नसती, फोन आला नसता, आणि चुकीचं उत्तर बिनबोभाट पुढे गेलं असतं. आधी कधी गेलं नव्हतंच, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या आठवड्यात प्रश्नाला आणि उत्तराला एक अनुक्रमांक दिला, तो जुळला नाही तर उत्तर फेकून द्यायचं. उत्तरांसाठी वेगळी क्यू केली. प्रश्नावर वेळ लिहिली, दहा सेकंदांहून शिळा प्रश्न उत्तर न देताच टाकून द्यायचा. आणि उत्तर टाकताना न थांबण्याचा फ्लॅग लावला. जागा नसली तर आता निदान लॉगमध्ये बोंब तरी होते. दर मिनिटाला क्यूमधले बाइट मोजणारी एक स्क्रिप्टही लावली.

माझ्या दोन रीस्टार्टमध्ये गेलेले दोन प्रश्न मात्र लॉगवरून हुडकून हाताने पुन्हा टाकावे लागले. त्यातला एक मिळायला दोन दिवस गेले.