सात दिवसांची वॉरंटी आणि छत्तीस फ्रेमा

नागपूर, १० जून

पावसाचा पत्ता नाही, कूलर चालूच आहेत. जुने फिल्म कॅमेरे विकणाऱ्यांच्या याद्या आज पुन्हा चाळल्या. बहुतेकांकडे तीच ओळ: ‘चेकिंग वॉरंटी ७ दिवस’, म्हणजे घेतलेला कॅमेरा तपासून पाहायची मुदत. कुणी १० देतो. एखादा ३ महिन्यांची देतो, पण त्याचा भाव पाहून गिऱ्हाईक पुढच्या यादीकडे वळतं.

७ दिवसांत फिल्म कॅमेऱ्याचं काय तपासून होतं? उजेड गळतो का, फ्रेमा (फोटोंच्या चौकटी) एकमेकींवर चढतात का, वरच्या वेगाला शटरच्या दोन पडद्यांपैकी मागचा पुढच्याला गाठतो का, याची खात्री धुतलेल्या निगेटिव्हवरच पटते. रंगीत रोल मुंबई-पुण्याला कुरिअरने धाडला, तर धुऊन, स्कॅन होऊन परत यायला दोन आठवडे सहज जातात. पुरावा हातात येतो तेव्हा वॉरंटी संपलेली असते. म्हणून मुदत रोलवर मागावी: छत्तीस फ्रेमांचा पहिला रोल धुऊन येईपर्यंत, धरून चाला ३० दिवस. ज्या दुकानदाराने स्वतः रोल टाकून पाहिलाय, तो यावर फार घासाघीस करत नाही. त्याच्याकडे त्या रोलची निगेटिव्ह पट्टी मागावी. फ्रेमांमधली अंतरं सारखी आहेत का, फिल्मच्या कडेच्या भोकांजवळ उजेड गळल्याचे काळे पट्टे आलेत का, हे पट्टी खिडकीसमोर धरली की कळतं.

घाई असेल तर चाचणीचा रोल कृष्णधवल घ्यावा आणि घरीच धुवावा. फक्त या दिवसांत नळाचं पाणी तिशीच्या वर असतं आणि डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) २० अंशांना हवा. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवल्याशिवाय भागत नाही. गरम डेव्हलपरमध्ये वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली की डाग पडतात, आणि मग दोष कॅमेऱ्याचा की धुण्याचा यावर वाद.

काउंटरवर होणाऱ्या चाचण्याही आहेत. मागचं दार उघडून मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमांचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्यावा. शटरचा वेग १ सेकंद ठेवला तर पडदा व्हिडिओच्या सुमारे २४० फ्रेमा उघडा दिसायला हवा, १/१५ सेकंदाला १६, १/३० ला ८. त्याच्या वर मोबाईलचा भरवसा नाही. हळू वेग अडकत असतील तर आतलं वंगण वाळलंय. हे सर्व्हिसिंगने सुटतं, म्हणून भाव कमी करून घ्यायला हरकत नाही. १/१००० साठी लेन्स पूर्ण उघडी ठेवून उजळ आकाशाकडे धरावी आणि मागून पाहत शटर मारावं. चौकटीची एक बाजू अंधारी राहिली तर कॅमेरा परत ठेवावा. वेग थोडा मंद असेल तर मात्र नाक मुरडू नये. चाळीस-पन्नास वर्षांच्या कापडी पडद्याने १/१००० च्या जागी १/७०० दिला, तर फरक अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि निगेटिव्ह फिल्म तेवढं पोटात घालते. स्लाइड फिल्मवर मात्र दिसेल.

उजेड मोजणारा मीटर ऊन, सावली आणि खोली अशा तिन्ही उजेडांत पाहावा. उन्हासाठी आयएसओ १०० च्या फिल्मला लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/१२५ हे माप धरावं. नागपूरचं ऊन यात दगा देत नाही. ऑलिंपस ओएम-१ सारखे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पारा सेलसाठी बनले. त्यात १.५ चा सेल घातला की मीटर उजेड जास्त सांगतो आणि फोटो काळवंडतात. हा बिघाड नव्हे, सेलचा हिशेब आहे. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ देतो, तो चालतो.

काळा फोम ही वेगळीच कटकट. मागच्या दाराच्या खाचांत, बिजागरीच्या बाजूला आणि आरशावर आदळ झेलायला लावलेला हा स्पंज वर्षांनी डांबरासारखा चिकट होतो. उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा राहिला तर आणखीच. गरमीत लेन्सचं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या (लेन्सच्या छिद्राच्या) पाकळ्यांवर उतरतं, मग पाकळ्या आळसावतात. त्यामुळे जानेवारीत घेतलेल्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते, आणि ती कुठलीही चेकिंग वॉरंटी भरून देणार नाही. ‘सर्व्हिस केलेला’ म्हणत असतील तर विचारायचं: फोम कधी बदलला, वेग मोजल्याचे आकडे कुठे आहेत? नुसतं पुसून चकचकीत केलेल्या कॅमेऱ्यालाही सर्व्हिस केलेला म्हणतात.

लेन्समधल्या फंगसचं (बुरशीचं) दुकानदाराच्या माथी मारताना जपून. विकताना टॉर्चच्या तिरप्या उजेडात काचेवर जाळं दिसलं तर ते त्याचं. पण लेन्स कूलरच्या झोतासमोरच्या कपाटात ठेवून सप्टेंबरात जाळं धरलं, तर ते आपलं. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायला फार खर्च नाही.

खरा प्रश्न इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांचा. पेंटॅक्स के१००० सेलशिवाय चालतो, सेल लागतो फक्त मीटरला. कॅनन एई-१ (१९७६) ६ व्होल्टच्या सेलशिवाय मुका. मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) मध्ये कपॅसिटर जातो आणि वाइंडिंगचा लिव्हरच अडकून बसतो. कपॅसिटर बदलता येतो, पण मूळ सर्किट गेलं तर नवा भाग मिळत नाही. दुसरा मेलेला कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून यांत्रिक कॅमेऱ्याला ‘दुरुस्त करून देऊ’ हे पुरेसं आहे, इलेक्ट्रॉनिकला ‘पैसे परत’ लिहून घ्यावं. एई-१ शटर मारताना खोकल्यासारखा आवाज करतो, त्यावर ‘हा तर असाच असते न भाऊ’ असं उत्तर मिळेल. तसा नसतो. आरशाच्या यंत्रणेत तेल नाही, एवढाच अर्थ.

बिल पक्कं घ्यावं, त्यावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घ्यावेत. नाहीतर परत नेलेला कॅमेरा तोच, हे कोण ठरवणार? माल विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ अशा मालाच्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा असं धरतं; पण ग्राहकाने माल तपासला असेल, तर तपासात दिसायलाच हवा होता असा दोष त्यातून वगळलेला आहे. म्हणजे दारावरची पोच दिसूनही घेतली तर तक्रार नाही; आत दडलेल्या बिघाडाची आहे. बिलावर ‘जसा आहे तसा’ लिहिलं तर हाही आधार बराच सुटतो, त्यामुळे त्या ओळीवर सही करण्याआधी भाव खाली यायला हवा. व्यापारी परगावचा असला तरी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुदत २ वर्षं. ओळखीच्या माणसाने घरातला कॅमेरा विकला तर यातलं काही लागू होत नाही. दुकानदार जे जास्तीचे पैसे घेतो ते याच फरकाचे, आणि तो फरक कागदावर उतरवायला तयार नसेल तर त्याचा भावही घरगुती विक्रीचाच लावावा.