आमची वाटचाल : पॅटर्नच्या दुकानातून बेस गिटारच्या थंब रेस्टपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमचे दुकान मुळात पॅटर्नचे, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्यांचे. वडिलांच्या हातचे सागवानी पॅटर्न येथील फौंड्र्यांमध्ये तेलइंजिनाच्या आणि पंपाच्या कास्टिंगसाठी जात असत. बिडाचे ओतकाम थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आटते, हा हिशेब धरून आखलेली त्यांची मोजपट्टी आजही आमच्या कपाटात आहे. पुढे अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न आणि संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली व लाकडी पॅटर्नचे काम ओसरले, हे या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे. त्याचे रडगाणे येथे गात नाही. आज आमच्या दुकानातून जो माल बाहेर पडतो, तो म्हणजे बेस गिटारवर बसवायचे, अंगठा टेकायचे थंब रेस्ट, बोटे टेकायचे फिंगर रेस्ट आणि तारांखाली बसणारे रॅम्प. इतरांनी त्याची नक्कल नंतर केली, हे आधीच सांगून ठेवतो.

या कामाची सुरुवात आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळे झाली. ते ऑर्केस्ट्रात बेस वाजवत आणि आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. गणेशोत्सव आणि नवरात्र हे त्यांचे कमाईचे दिवस. त्यांच्या जपानी बनावटीच्या जुन्या गिटारवरील प्लास्टिकचा टेकू मोडून गेला होता आणि बॉडीवर स्क्रूची दोन भोके तेवढी उरली होती. ‘पिकअपवर अंगठा ठेवतोय मालक, पण तो खालच्या स्प्रिंगवर हलतोय. दाबला की तारेपासून लांब जातोय आणि आवाज पडतोय. काहीतरी टेकायला करून द्या,’ असे म्हणत ते दुकानात आले. पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचा आवाज टिपणारा भाग. वडिलांनी रंध्यासाठी राखून ठेवलेल्या शिसवीच्या ठोकळ्यातून एक तुकडा कापला, अर्धगोल कानशीने त्याच्या कडा मारल्या आणि तो भोकांच्या जागी, म्हणजे ‘जी’ या सर्वांत बारीक तारेच्या खालच्या अंगाला, बसवून दिला. दुसऱ्या दिवशी काका परत आले. तुकडा झकास झाला होता, पण त्यांना तो वर, ‘ई’ या जाड तारेच्या बाजूला हवा होता.

वडिलांना हे कोडेच वाटले, कारण मूळ भोके कारखान्यातच पाडलेली होती. त्याचा उलगडा आम्हाला पुढे झाला. अमेरिकेतील गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस ही बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा वादक अंगठ्याने तार छेडेल आणि उरलेली बोटे खालच्या पट्टीला अडकवून हाताला आधार देईल, अशी त्यांची कल्पना होती. वादकांनी मात्र हळूहळू अंगठा वर टेकवून तर्जनी आणि मधल्या बोटाने वाजवायला सुरुवात केली. तरीही ती पट्टी खालीच राहिली. फेंडर कंपनीने ती वर नेली ती १९७४ मध्ये. डेट्रॉईटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी बेस वाजवणारे जेम्स जेमरसन तर एकट्या तर्जनीने तार छेडत. सांगायचे एवढेच की वादकाचा हात कोठे टेकतो हे कारखाना ठरवत नाही, हात ठरवतो. काकांचा रेस्ट वर नेल्यावर आमच्याकडे त्यांच्या ओळखीचे वादक सांगली, इचलकरंजी, बेळगावहून येऊ लागले.

या कामात दिसते त्यापेक्षा जास्त हिशेब आहे. साध्या थंब रेस्टची उंची पिकअपच्या माथ्याइतकी किंवा किंचित कमी लागते. जास्त झाली तर मनगट वाकडे होते आणि तासभर वाजवल्यावर कोपरापर्यंत ओढ लागते. रॅम्प त्याहून नाजूक. तो तारांच्या खाली पिकअपच्या पातळीला बसतो आणि बोट तारेत खोल घुसू देत नाही. अमेरिकन बेसवादक गॅरी विलिस यांच्यामुळे तो जगभर माहीत झाला. त्याचा माथा सपाट ठेवून चालत नाही, कारण फिंगरबोर्डाला, म्हणजे गळ्यावरील ज्या पट्टीवर तारा दाबतात तिला, बाक असतो आणि तारा त्याच बाकाने उभ्या असतात. जुन्या फेंडरवर हा बाक सव्वासात इंचांच्या त्रिज्येचा, नंतरच्या अनेक गिटारींवर साडेनऊ इंचांचा. म्हणून आमच्याकडे दर त्रिज्येचा वेगळा फर्मा, म्हणजे त्या बाकाचा ठोकळा, आहे. रॅम्पचा माथा आधी रंध्याने आणि मग फर्म्याला पॉलिश पेपर चिकटवून घासून काढतात. ही रीत थेट पॅटर्नच्या कामातून आलेली आहे. ज्याने फौंड्रीसाठी गोलाई मारलेली नाही, त्याला ती सांगून कळत नाही.

आता ज्या प्रकरणाने आम्ही जवळजवळ बंद पडलो, ते सविस्तर सांगणे भाग आहे. मोठ्या शहरातील एका वाद्यविक्रेत्याने आमचे शिसवी रेस्ट परदेशी पाठवायला घेतले. सुरुवातीचे व्यवहार चोख झाले. त्या भरवशावर आम्ही नवा बँडसॉ, म्हणजे पट्टा-करवतीचे यंत्र, घेतला, दोन कारागीर वाढवले आणि वाळलेली शिसव भरून ठेवली. मग २ जानेवारी २०१७ पासून शिसव ज्यात मोडते त्या डाल्बर्जिया वंशातील जाती साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि बोटभर लाकडाच्या व्यापारी निर्यातीलाही कागदपत्रे लागू लागली. नियमाबद्दल आमची तक्रार नाही. जंगले तुटली तर आमचाच धंदा तुटतो. तक्रार आहे ती त्या गृहस्थांबद्दल. नियम लागू होण्यापूर्वी त्यांच्या ताब्यात दिलेल्या मालाचे पैसे त्यांनी याच कारणावर अडकवून ठेवले आणि वर आमचे फर्मे मागितले.

त्यांचे म्हणणे असे की फौंड्रीच्या धंद्यात पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, मग हे फर्मे त्यांचे. हा रिवाज आम्हाला कोणी शिकवायला नको. पॅटर्न गिऱ्हाइकाचा असतो, कारण पॅटर्नचे पैसे गिऱ्हाईक वेगळे मोजते. त्यांनी फर्म्यापोटी छदामही दिलेला नव्हता. आम्ही नकार दिला, तेव्हा त्यांनी आमचाच एक कारागीर जास्त पगारावर उचलला. काही महिन्यांतच काळ्या अ‍ॅक्रिलिकचे रेस्ट बाजारात आले. लांबी आमची, स्क्रूमधील अंतर आमचे, कोपऱ्याची गोलाईसुद्धा आमची, आणि किंमत आमच्या निम्म्याने. बँडसॉ विकावा लागला. वडील तेव्हा थकले होते, तरी सकाळी येऊन रिकाम्या बाकावर पटाश्यांना धार लावत बसायचे. त्यांना कोणी काही विचारत नसे.

त्या काळात काका एकटेच नेमाने येत. त्यांच्याकडे पैसे फार नव्हते, पण आपल्या शिष्यांना ते आमच्याकडेच पाठवत आणि ऑर्डरीचे निम्मे पैसे आधी देण्याची सवय त्यांनीच लावली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमची पार्सले अडकून पडली. शाहूपुरीतील गोदामात ठेवलेली शिसव भिजून फुगली ती वेगळीच. गंमत अशी की त्याच महिन्यात साइट्सच्या जिनिव्हातील परिषदेत तयार वाद्ये आणि त्यांचे तयार सुटे भाग या निर्बंधातून वगळण्याचे ठरले. ही सूट २६ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाली. आम्ही परदेशातील वादकांना थेट माल पाठवू लागलो, मध्ये कोणीही न ठेवता. त्यानंतर काम सुरळीत चालले आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखे विशेष काही नाही.

येथे नव्या वादकांना थोडे सांगतो. रेस्ट हातात पडल्या पडल्या भोके पाडू नयेत. तो आधी दुहेरी चिकटपट्टीने लावावा आणि निदान महिनाभर बसून व उभे राहून, दोन्ही प्रकारे वाजवावे, कारण खांद्यावरच्या पट्ट्याची लांबी बदलली की अंगठ्याची जागाही सरकते. गळ्याकडे वाजवले तर आवाज गोल आणि भरीव येतो, ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा जेथे अडकवतात त्या टोकाकडे, गेले की तार ताठ लागते आणि वरचे स्वरांश पुढे येतात. तेव्हा रेस्ट ज्या जागी पक्का होतो, त्या जागेचा आवाजच तुमचा आवाज होऊन बसतो. हे नको असेल त्याने लांब पट्टी घ्यावी, तिच्यावर अंगठा सरकवता येतो. जुन्या नायट्रोसेल्युलोज पॉलिशच्या गिटारवर चिकटपट्टी किंवा रबर मुळीच लावू नये, पॉलिश उचलले जाते. शिसवीत पितळी स्क्रू थेट पिळला तर स्क्रूची मान तुटते. आधी बारीक भोक पाडावे, त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून काढावा, आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवावा. आणि कोणत्याही व्यापाऱ्याला फर्मा देऊ नये, मग तो कितीही गोड बोलो.

सध्या आमच्याकडे पाच तारांच्या गिटारीसाठी लांब पट्ट्यांचे काम जास्त आहे. ‘ई’च्याही वर ‘बी’ ही आणखी जाड तार आल्यामुळे अनेक वादक तिच्यावरच अंगठा टेकवतात, पण ती तार वाजवायची झाली की पुन्हा टेकायला जागा लागतेच. मागणी नोंदवताना पिकअपचा माथा ते तार हे अंतर मिलिमीटरमध्ये आणि फिंगरबोर्डाची त्रिज्या कळवावी. निम्मी रक्कम आधी लागते. ते अ‍ॅक्रिलिकचे रेस्ट अजून विकले जातात. त्याच गृहस्थांचे रॅम्पही आता निघाले आहेत. त्या रॅम्पचा माथा सपाट असल्याने मधल्या तारांना जागा जास्त उरते आणि कडेच्या तारा घासतात. असे रॅम्प घेऊन लोक आमच्याच दारात येतात. आम्ही ते फर्म्यावर घासून, बाक काढून, बसवून देतो. मजुरी मात्र पूर्ण घेतो.