घोघा, घोघला आणि तंबूची जागा

दीवला जाऊन चार दिवस सायकल चालवायची आणि तंबूत राहायचे, हा बेत आम्ही दसऱ्याला आखला आणि निघालो ते संक्रांत झाल्यावर. मधले तीन महिने तयारीत गेले असे सांगायला मला आवडले असते, पण ते सगळे सायकली तिथवर न्यायच्या कशा या एकाच प्रश्नात गेले. नाशिकहून मुंबईमार्गे रेल्वेने वेरावळला जावे, तर पार्सल कार्यालयाच्या दोन वाऱ्या कराव्या लागतात आणि आपण उतरलो त्याच गाडीतून सायकल उतरेल याची खात्री नसते. शेवटी माझे मावसभाऊ दादा, जे देवळालीच्या तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यांनी नकाशातल्या खंभातच्या आखातावर बोट ठेवले. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून पलीकडच्या किनाऱ्यावर २०२० पासून रो-रो बोट, म्हणजे वाहने थेट आत चढवता येतात अशी बोट, जाते. रस्त्याने वळसा घालून जे अंतर ३७० किलोमीटर होते, ते समुद्रातून ९० किलोमीटरच भरते.

बोटीची तिकिटे मी उत्साहाने काढली आणि तिथेच चूक केली. दीवचा काही भाग बेटावर नसून समोरच्या मुख्य भूमीवर आहे आणि त्या गावाचे नाव घोघला. बोट लागते ते घोघा, आणि ते भावनगरजवळ आहे. मी घोघा वाचले, मनात घोघला धरले आणि बोटीतून उतरल्यावर पूल ओलांडला की दीव, अशी घरच्यांचीही समजूत करून दिली. दादांनी निघण्याच्या आठवडाभर आधी अंतर मोजले, तेव्हा कळले की एका 'ल'पायी जवळपास दोनशे किलोमीटर वाढले आहेत. ते रागावतील असे वाटले होते, पण ते म्हणाले, "बरं झालं, नाहीतर सायकली नुसत्या मिरवायलाच नेल्या असत्या."

सुरतेपर्यंत खासगी बस होती. डिकीत सायकली टाकायचे चारशे रुपये फोनवर ठरले होते, ते गाडी समोर येऊन उभी राहिल्यावर आठशे झाले. पैशांपेक्षा वाईट गोष्ट सुरतेत उतरल्यावर दिसली: माझी सायकल साखळीची बाजू खाली करून आडवी टाकलेली होती आणि वर कुणाची तरी लोखंडी पेटी ठेवल्यामुळे मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर सायकलच्या सांगाड्याला जोडणारी छोटी पट्टी, वाकला होता. दादांनी जास्तीचा हँगर बरोबर घेतला होता म्हणून निभावले, नाहीतर सहल तिथेच संपली असती. सायकल डिकीत स्वतः उतरून ठेवावी, पुढचे चाक व पेडल काढून ठेवावीत आणि गिअरची बाजू वर राहील असे पाहावे. क्लीनर "मी ठेवतो" म्हणाला तरी ऐकू नये. हजिऱ्याच्या रस्त्याला कारखान्यांच्या ट्रकांची रांग असते, त्यामुळे आम्ही तो टप्पा उजाडताच उरकला. बोटीत मात्र काहीच करावे लागले नाही. सायकली ढकलत ट्रकांच्या मजल्यावर नेल्या, कठड्याला बांधल्या आणि सुमारे चार तास गढूळ पाणी पाहत बसलो.

सौराष्ट्राचा किनारा नैऋत्येकडे उतरत जातो आणि जानेवारीत सकाळचा वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, हे आम्हाला आधी ठाऊक नव्हते; ते पाठीला जाणवले तेव्हा कळले. अलंगला जुनी जहाजे तोडतात आणि त्यांतले सामान रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला असते. कपबशा, गाद्या, जीवरक्षक जाकिटे, असे काय वाटेल ते तिथे मिळते. दादांनी पंधरा मीटर लांबीचा जाड दोर घेतला. वजन वाढवल्याबद्दल मी कुरकुर केली. महुव्यात कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रॅक्टर दिसले, तेव्हा लासलगावच्या वाटेवर असल्यासारखे वाटले. फरक एवढाच की इथे पांढरा कांदाही होता, जो सुकवण्यासाठी कारखान्यांत जातो.

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्याहून घोघल्यात आणि पुलावरून दीवमध्ये शिरलो. खरी कसोटी इथून सुरू झाली. वाळूवर तंबू ठोकावा आणि लाटा ऐकत झोपावे, हे चित्र आम्ही नाशिकहून घेऊन आलो होतो. नागव्याच्या किनाऱ्याजवळ चौकशी केली तेव्हा रात्री किनाऱ्यावर थांबता येणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. त्यात शनिवार होता. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये मोकळीक, त्यामुळे सुट्टीला तिथे जी गर्दी होते तिच्या शेजारी झोपण्याची आमचीही इच्छा नव्हती. आम्ही पश्चिमेकडे वणाकबाऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि बुचरवाडा गावात घरोघरी विचारू लागलो. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या घरी एक आजी ओसरीवर बसल्या होत्या. मला गुजराती येत नाही, पण आई सटाण्याची असल्याने अहिराणी येते, आणि आमचे 'शे' त्यांच्या 'छे'च्या पुरेसे जवळ असते. तंबू, दोन रात्री, चूल पेटवणार नाही, एवढे त्यांना कळले. त्यांनी आधी नाशिक कुठे आहे ते विचारले, त्र्यंबकेश्वराचे नाव घेतल्यावर मान हलवली आणि घरामागची नारळांची जागा दाखवली. त्या वेळी साडेचार वाजले होते. अंधार पडल्यावर हेच विचारले असते तर दार उघडले नसते, असे त्यांच्या मुलाने नंतर स्पष्टच सांगितले.

जमीन वाळूची होती आणि तंबूच्या खुंट्या हाताने ओढल्या तरी वर येत होत्या. दादांनी आजींकडून बाजरीच्या चार रिकाम्या गोण्या मागितल्या, त्यांत वाळू भरली, तोंडे बांधली आणि प्रत्येक गोणी हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरली. तिला अलंगच्या दोराचा तुकडा बांधून ते टोक तंबूच्या ताणदोऱ्यांना जोडले. रात्री वारा सुटला, कापड फडफडत राहिले, पण एकही कोपरा हलला नाही. दोराविषयी मी पुन्हा बोललो नाही.

बेट लहान आणि जवळजवळ सपाट आहे. वणाकबाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत सकाळी निवांत जाता येते. वाटेत होक्याची झाडे लागतात, ताडासारखी पण फांद्या फुटलेली. १५३५ नंतर पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्याच्या तटावर तोफा आहेत आणि दादांनी त्यांतल्या एकेका तोफेच्या बत्तीच्या छिद्रात काडी घालून पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकले नाही. 'खुकरी'च्या स्मारकापाशी मात्र ते बराच वेळ गप्प उभे होते. ९ डिसेंबर १९७१ रोजी ही युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले, त्यांत कप्तान महेंद्रनाथ मुल्लाही होते.

खाऱ्या हवेने साखळी दुसऱ्याच सकाळी तांबूस झाली होती. आजींच्या हौदाचे गोडे पाणी, जुना टूथब्रश आणि थोडे तेल यांवर ते काम रोज उरकावे लागले. निघताना आजींनी पैसे घेतले नाहीत, नाशिकचा चिवडा ठेवून घेतला आणि गोण्या रिकाम्या करून झटकून परत द्यायला सांगितल्या. परतीला उन्याहून पिकअप ठरवली. चालकाने कुठे सोडायचे ते विचारले, तेव्हा मी 'घोघा' हा शब्द तीनदा उच्चारला आणि शेजारी भावनगरचेही नाव घातले.